काचेच्या बरणीपासून कोळशाच्या छिद्रांपर्यंत : वीज साठवणाऱ्या धारित्राचा इतिहास

विजेचा साठा करण्याचे मुख्य मार्ग दोन आहेत. एका मार्गात वीज वापरून पदार्थात रासायनिक बदल घडवला जातो आणि तो बदल उलट दिशेने होऊ दिला की वीज परत मिळते. मोटारीतील शिशाची बॅटरी किंवा मोबाइलमधील लिथियम-आयन बॅटरी ही या मार्गाची उदाहरणे होत. दुसऱ्या मार्गाला रासायनिक बदलाची गरज नसते. दोन विद्युतवाहक पृष्ठे समोरासमोर आणून त्यांच्यामध्ये वीज वाहू न देणारा निरोधक थर ठेवला आणि एका पृष्ठावर धन व दुसऱ्यावर ऋण विद्युतभार जमा केला, तर हे परस्परांना ओढणारे भार थराच्या दोन्ही अंगांना अडून राहतात आणि त्यांना एकत्र येण्यास वाट मिळेपर्यंत ऊर्जा टिकून राहते. या रचनेला धारित्र म्हणतात. छताच्या पंख्यातील ‘कंडेन्सर’ आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणातील कॅपॅसिटर ही तिचीच रूपे आहेत. हा दुसरा मार्ग पहिल्याहून अर्धशतकाने जुना असूनही ऊर्जेचा मोठा साठा करण्याचे साधन म्हणून त्याचा विचार होण्यास विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला, आणि या विलंबाची कारणे त्या रचनेतील मधल्या थराच्या इतिहासात सापडतात.

एका व्होल्टच्या विद्युतदाबाला धारित्रावर किती भार मावतो, त्या प्रमाणाला धारकता म्हणतात. समोरासमोरच्या पृष्ठांचे क्षेत्रफळ वाढले की धारकता वाढते आणि मधला थर जाड झाला की ती घटते. साठलेली ऊर्जा मात्र धारकता आणि दाबाचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या निम्मी असते, त्यामुळे दाब दुप्पट झाला तर ऊर्जा चौपट होते. थर निम्मा पातळ केला तर धारकता दुप्पट होते खरी, पण फुटण्यापूर्वी त्याला सोसवणारा दाबही निम्म्यावर येतो, आणि ठरावीक घनफळाच्या निरोधकात मावणारी ऊर्जा जवळपास तेवढीच राहते. म्हणजे निव्वळ थर पातळ करून साठा वाढत नाही. जाडीच्या प्रत्येक नॅनोमीटरमागे, म्हणजे मीटरच्या अब्जाव्या भागामागे, अधिक दाब सोसणारा थर मिळाला आणि तो मोठ्या क्षेत्रफळावर लहान जागेत पसरता आला, तरच साठा वाढतो. धारित्राच्या पावणेतीनशे वर्षांच्या वाटचालीत हे दोन्ही टप्प्याटप्प्याने साधत गेले, परंतु प्रत्येक टप्प्यावर उपकरणाचा कामाचा दाब खाली आला आणि त्या दाबाला साजेसे काम जगात उपलब्ध होईपर्यंत शोध पडून राहिला.

धारित्राचा पहिला शोध एका चुकीच्या कल्पनेतून लागला. अठराव्या शतकाच्या मध्यास वीज हा एक सूक्ष्म द्रव आहे अशी समजूत होती, आणि द्रव असेल तर तो बाटलीत भरता यावा, असा प्रयत्न ओघानेच आला. पोमेरेनियातील कामिन येथील चर्चचे अधिकारी एवाल्ड गेओर्ग फॉन क्लाइस्ट यांच्याकडून ऑक्टोबर १७४५ मध्ये, आणि हॉलंडमधील लेडन येथे पीटर फान मुशेनब्रूक यांच्या प्रयोगशाळेत काही महिन्यांनी स्वतंत्रपणे, घर्षणयंत्रातील वीज धातूच्या सळईवाटे काचपात्रातील द्रवात सोडण्यात आली. विद्युतभारित करावयाची वस्तू निरोधक आधारावर ठेवावी हा तेव्हाचा प्रस्थापित नियम होता. लेडनच्या प्रयोगशाळेत हौसेखातर येणारे वकील आंद्रेआस कुनेउस यांनी तो न पाळता पात्र हातात धरले आणि दुसऱ्या हाताने सळईला स्पर्श करताच त्यांना जबर धक्का बसला. आतले पाणी हे एक वाहक पृष्ठ, बाहेरचा तळहात हे दुसरे आणि मधली काच हा निरोधक थर, अशी रचना नकळत सिद्ध झाली होती. मुशेनब्रूक यांनी जानेवारी १७४६ मध्ये रेओम्यूर या फ्रेंच शास्त्रज्ञांना हा प्रयोग पत्राने कळवला, आणि त्याच वर्षी झाँ-आंत्वान नोले यांनी फ्रान्सचा राजा पंधरावा लुई याच्यासमोर हातात हात धरून उभ्या असलेल्या १८० सैनिकांमधून बरणीतील वीज सोडून दाखवली.

दरबारी करमणूक म्हणून प्रसिद्धीस आलेल्या या लेडन बरणीचे स्वरूप पुढील तीन वर्षांत पालटले. लंडनमध्ये विल्यम वॉटसन आणि जॉन बेव्हिस यांनी काचेला आतून-बाहेरून धातूचा पातळ पत्रा लावला, तेव्हा द्रव आणि हात या दोहोंची गरज संपली. काच पातळ आणि पत्रा मोठा असेल तर धक्का अधिक तीव्र बसतो, हेही लक्षात आले. फिलाडेल्फियात बेंजामिन फ्रँकलिन यांनी भारित बरणीतील पाणी दुसऱ्या पात्रात ओतून पाहिले, तर त्या पाण्यात वीज आढळली नाही, उलट रिकाम्या बरणीत नवे पाणी भरताच ती पुन्हा धक्का देऊ लागली. यावरून साठा पाण्यात नसून काचेशी निगडित आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. मग बरणीच्या आकाराचेही महत्त्व उरले नाही. १७४९ मध्ये त्यांनी खिडकीच्या ११ सपाट काचा शिशाच्या पत्र्यांमध्ये बसवून एकत्र जोडल्या आणि त्या संचाला तोफांच्या रांगेवरून ‘बॅटरी’ हे नाव दिले, जे पुढे रासायनिक घटांकडे गेले. वीज द्रवासारखी भरता येते ही मूळ कल्पना या प्रयोगांनी मोडीत निघाली, तरी तिच्यातून जन्मलेले साधन टिकून राहिले.

मापनाची बाजू मात्र मागे पडली. हेन्री कॅव्हेंडिश यांनी १७७०च्या दशकात निरनिराळ्या आकारांच्या व पदार्थांच्या धारित्रांची अचूक तुलना केली होती, परंतु त्यांचे हे लेखन अप्रकाशित राहिले आणि जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांच्या संपादनाखाली ते १८७९ मध्ये प्रकाशात आले. दरम्यान मायकेल फॅरडे यांनी १८३७च्या सुमारास एकात एक बसवलेल्या पितळी गोलांच्या मधली जागा हवा, काच, गंधक, लाख अशा पदार्थांनी भरून दाखवून दिले की मधला पदार्थ हा केवळ अडसर नसून साठवणुकीत भाग घेतो आणि पदार्थागणिक साठा बदलतो. अशा पदार्थाला विद्युत अपारक म्हटले जाते.

धारकतेला एकक मिळाले ते साठवणुकीच्या गरजेतून नव्हे, तर तारायंत्राच्या अडचणीतून. समुद्राच्या तळाशी टाकलेल्या तारेत मधोमध तांब्याचा वाहक, त्याभोवती गटापर्चा या झाडाच्या चिकापासून केलेल्या पदार्थाचे वेष्टन आणि बाहेर खारे पाणी असते, म्हणजे ती हजारो किलोमीटर लांबीची लेडन बरणीच होते. पाठवलेला संकेत आधी ही लांबलचक बरणी भरतो आणि मगच दुसऱ्या टोकाला उमटतो, म्हणून संदेश मंदावतात व एकमेकांत मिसळतात. फॅरडे यांनी १८५४ मध्ये या विलंबाचे कारण उकलले, विल्यम टॉमसन यांनी त्याचे गणित मांडले, आणि १८७० मध्ये एडनमार्गे मुंबईपर्यंत आलेल्या तारेसह पुढील सर्व समुद्री तारांची रचना हे गणित ध्यानात घेऊन करावी लागली. तारायंत्र अभियंते लॅटिमर क्लार्क आणि चार्ल्स ब्राइट यांनी १८६१ मध्ये विद्युत एककांसाठी सुचवलेल्या नावांपैकी ‘फॅरड’ हे नाव १८८१च्या पॅरिस परिषदेत धारकतेच्या एककाला मिळाले. हे एकक इतके प्रचंड होते की अवकाशात सुटा धरलेल्या पृथ्वीच्या गोलाची धारकता एका फॅरडच्या हजाराव्या भागाहूनही कमी, सुमारे ७१० मायक्रोफॅरड भरते. लेडन बरणीची धारकता साधारण एक अब्जांश फॅरड असे, आणि ३०,००० व्होल्टपर्यंत भारित केली तरी तिच्यात जेमतेम अर्धा ज्यूल ऊर्जा साठे. एका फॅरडचे उपकरण हाताच्या मुठीत मावेल, ही कल्पना त्या काळच्या अभियंत्याला निरर्थक वाटली असती.

बरणीला पहिले व्यावहारिक काम बिनतारी संदेशवहनाने दिले. कार्ल फर्डिनांड ब्राउन यांनी प्रेषकात धारित्र व वेटोळे यांचे स्वतंत्र मंडल योजून संकेताची ताकद वाढवली, आणि १९०९चे नोबेल पारितोषिक त्यांना मार्कोनी यांच्यासह मिळाले. जहाजांवर काचेच्या बरण्या फुटत आणि जागाही अडवत, म्हणून विल्यम डुबिलिए यांची अभ्रकाची धारित्रे पहिल्या महायुद्धाच्या काळात त्यांच्या जागी आली. अभ्रकाचे सहज पातळ पापुद्रे निघतात आणि ते मोठा दाब सोसतात; मेण पाजलेल्या कागदाची धारित्रे तर त्याआधीपासून प्रचारात होती. या सर्व प्रकारांत थर बाहेरून आणून बसवावा लागे, त्यामुळे पापुद्रा किती पातळ हाताळता येतो, ही मर्यादा कायम राहत होती.

ही मर्यादा ओलांडली ती थर जागेवरच वाढवण्याच्या कल्पनेने. पोलिश अभियंते कारोल पोलाक यांनी १८९६ मध्ये पेटंट घेतलेल्या धारित्रात ॲल्युमिनियमचा पत्रा टाकणखाराच्या द्रावणासारख्या विद्युत-विच्छेद्य द्रवात, म्हणजे ज्यातून आयन या भारित कणांच्या हालचालीने वीज वाहते अशा द्रवात, बुडवलेला असे. विद्युतप्रवाह सोडताच पत्र्यावर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा घट्ट थर वाढतो. दर व्होल्टमागे त्याची जाडी सुमारे दीड नॅनोमीटर असते, आणि दुसऱ्या पृष्ठाचे काम स्वतः द्रवच करतो. लेडन बरणीची काच नॅनोमीटरमागे व्होल्टचा शंभरावा हिस्सा सोसत असे, तर हा थर पाऊण व्होल्टच्या आसपास सोसतो. तरीही ही धारित्रे खऱ्या अर्थाने खपू लागली ती १९२०च्या दशकात, कारण रेडिओ घरातील विजेवर चालवायचा तर तिच्या चढउतारांनी होणारी गुणगुण काढून टाकण्यासाठी मोठ्या धारकतेची गरज भासू लागली; सॅम्युअल रूबेन यांनी १९२५ मध्ये द्रवाऐवजी ओलसर कागदाचे कोरडे रूप देऊन त्यांची हाताळणी सोपी केली. पोलाक यांचा शोध आणि त्याचा बाजार यांच्यात सुमारे तीस वर्षांचे अंतर पडले.

पुढच्या पायरीला याहून मोठा विलंब झाला. हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी १८५३ मध्ये असे मांडले होते की धातू आणि विद्युत-विच्छेद्य द्रव जेथे भेटतात तेथे मुळात वेगळ्या थराची आवश्यकताच नसते. धातूच्या पृष्ठावरील भारासमोर द्रवातील विरुद्ध भाराचे आयन ओळीने उभे राहतात आणि या दोन रांगांमधील रेणूएवढे अंतर हाच निरोधक थर ठरतो. या रचनेला विद्युत द्विस्तर म्हणतात. लुई गुई, डेव्हिड चॅपमन आणि ओटो स्टर्न यांनी १९१० ते १९२४ या काळात तिच्या वर्णनात सुधारणा केल्या, पण तो सारा अभ्यास पृष्ठरसायनाच्या कक्षेतच राहिला. याला कारण दुहेरी होते. एक चौरस सेंटिमीटर पृष्ठावर द्विस्तराची धारकता १० ते २० मायक्रोफॅरड असते, त्यामुळे उपयोगी साठ्यासाठी अवाढव्य पृष्ठफळ हवे. आणि पाण्याच्या द्रावणात सव्वा व्होल्टच्या आसपास पाण्याचेच विघटन सुरू होत असल्याने प्रत्यक्ष दाब एक व्होल्टच्या घरात ठेवावा लागतो. शेकडो व्होल्टवर चालणाऱ्या निर्वात नलिकांच्या जगात एका व्होल्टच्या साठ्याला गिऱ्हाईक नव्हते.

पृष्ठफळाचा प्रश्न सच्छिद्र कोळशाने सोडवला. लाकूड, दगडी कोळसा किंवा नारळाची करवंटी हवेविना तापवून कोळसा केला आणि मग त्याच्यावर अतितप्त वाफेची प्रक्रिया केली, तर कार्बनचा काही भाग झडून जातो आणि उरलेल्यात असंख्य सूक्ष्म छिद्रे तयार होतात. या सक्रिय कोळशाच्या एका ग्रॅमचे अंतर्गत पृष्ठफळ १,००० चौरस मीटर किंवा त्याहून अधिक भरते. चौरस सेंटिमीटरला १० मायक्रोफॅरड धरले तरी एका ग्रॅममागे १०० फॅरड हा आकडा येतो. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे हॉवर्ड बेकर यांना १९५७ मध्ये अशा सच्छिद्र कार्बनच्या विद्युत अग्रांसाठी (इलेक्ट्रोडसाठी) पेटंट मिळाले. विशेष म्हणजे या उपकरणात नेमके काय घडते हे निश्चित माहीत नाही, अशी कबुली त्या पेटंटातच होती. शंभर वर्षांपूर्वीचा द्विस्तराचा सिद्धांत आणि समोरचे उपकरण यांचा मेळ अजून बसलेला नव्हता. तो मेळ स्पष्टपणे घातला इंधनघटांवर काम करणाऱ्या स्टँडर्ड ऑइल ऑफ ओहायो या तेल कंपनीतील रॉबर्ट राइटमायर यांनी, ज्यांचे पेटंट १९६६ मध्ये मंजूर झाले. १९७० मध्ये त्याच कंपनीच्या डोनाल्ड बूस यांनी कोळशाचा लगदा व विद्युत-विच्छेद्य द्रव यांच्या चकत्या एकावर एक रचण्याची पद्धत दिली. एकेका चकतीचा दाब एक व्होल्टच्या आसपास असला तरी अशा रचनेत सर्व चकत्यांच्या दाबांची बेरीज होते.

तेल कंपनीला हे उपकरण विकता आले नाही. १९७१ मध्ये तिने त्याचे हक्क जपानच्या एनईसी कंपनीला दिले, आणि १९७८ मध्ये ते ‘सुपरकॅपॅसिटर’ या नावाने बाजारात आले. त्याच सुमारास मात्सुशिता कंपनीने ‘गोल्ड कॅप’ आणले. तोवर नव्या प्रकारच्या संगणकीय स्मृतिचिपा तयार झाल्या होत्या, ज्यांना पाच व्होल्टच्या दाबावर मायक्रोअँपिअरच्या पातळीचा नगण्य प्रवाह पुरत असे, परंतु वीज गेली की त्यांच्यातील माहिती पुसली जाई. घड्याळे, व्हिडिओ रेकॉर्डर आणि कार्यालयीन यंत्रांतील या चिपांना वीज परत येईपर्यंत जिवंत ठेवणे हे काम या नव्या धारित्राला अगदी जुळले. त्याच्या अंतर्गत रोधामुळे त्यातून मोठा प्रवाह काढता येत नव्हता, पण या कामाला तो लागतही नव्हता.

मोठ्या प्रवाहाची धारित्रे वेगळ्या वाटेने आली. इटलीतील सेर्जिओ त्रासात्ती आणि जोव्हान्नी बुझांका यांनी १९७१ मध्ये नोंदवले की रुथेनियम ऑक्साइडचे अग्र धारित्रासारखे वागते, आणि ओटावा विद्यापीठातील ब्रायन कॉन्वे यांनी १९७५ पासून या वर्तनाचा सखोल अभ्यास केला. येथे भार केवळ पृष्ठाला चिकटून राहत नाही, तर पृष्ठालगतच्या अणूंशी जलद व उलटवता येणारी रासायनिक देवघेव करतो, त्यामुळे साठा वाढतो. या प्रकाराला आभासी धारकता म्हणतात. धारित्र आणि बॅटरी यांच्यातील सीमारेषा येथे पुसट होते, आणि ती कोठे आखावी याचे निकष कॉन्वे यांनी १९९०च्या दशकातील लेखनातून मांडले. रुथेनियम दुर्मीळ व महाग असल्याने त्याचा वापर १९८०च्या दशकात अमेरिकी संरक्षण प्रकल्पांपुरता राहिला, म्हणून मँगनीज, निकेल, कोबाल्ट अशा स्वस्त धातूंच्या ऑक्साइडांचा शोध सुरू झाला. या शोधात महाराष्ट्राचाही वाटा आहे: कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात चंद्रकांत लोखंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी खर्चिक निर्वात यंत्रणेऐवजी साध्या रासायनिक द्रावणातून पृष्ठावर पातळ थर बसवण्याच्या पद्धती विकसित केल्या आणि त्या धातू-ऑक्साइडांच्या अग्रांसाठी वापरल्या.

बाजारात मात्र कोळसाच टिकला. सान दिएगोच्या मॅक्सवेल कंपनीने १९९०च्या दशकात अमेरिकी ऊर्जा विभागाच्या पाठबळाने विद्युत वाहनांसाठी मोठी धारित्रे तयार करण्याचे काम हाती घेतले. पाण्याऐवजी सेंद्रिय द्रावक वापरल्याने दाब २.७ व्होल्टपर्यंत नेता आला, आणि ऊर्जा दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे एका व्होल्टच्या तुलनेत साठा सातपटीने वाढला. अर्धा किलो वजनाचे ३,००० फॅरडचे असे धारित्र सुमारे ११,००० ज्यूल ऊर्जा साठवते. तेवढी ऊर्जा एका पेन्सिल सेलमध्येही असते, परंतु सेल ती तासांच्या हिशेबाने देतो आणि संपतो, तर धारित्र ती काही सेकंदांत देते, तितक्याच वेगाने परत भरते आणि लाखो वेळा हेच करू शकते. म्हणून एअरबस ए-३८० विमानाचे दरवाजे संकटकाळी उघडणे, पवनचक्कीची पाती वादळात वळवणे, ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा पकडणे, अशी क्षणिक पण जबर ताकदीची कामे त्याच्या वाट्याला आली. शांघायमध्ये २००६ पासून केवळ धारित्रांवर चालणाऱ्या बस धावू लागल्या. त्यांचा पल्ला मोजक्या किलोमीटरांचा असला तरी थांब्यावर प्रवासी चढेउतरेपर्यंत त्या पुन्हा भरता येत.

सिद्धांत आणि साधन यांच्यातील लपंडाव या काळातही संपला नाही. आयन द्रावकाच्या रेणूंचे वेष्टन घेऊन वावरत असल्याने एका नॅनोमीटरहून लहान छिद्रे निरुपयोगी असतात, असे दीर्घकाळ मानले जात होते. परंतु फिलाडेल्फियातील युरी गोगोत्सी आणि तुलूझमधील पात्रिस सिमों यांच्या गटांनी २००६ मध्ये दाखवले की अशा छिद्रांत धारकता उलट वाढते. आयन आत शिरताना आपले वेष्टन अंशतः टाकतो आणि कार्बनच्या आणखी जवळ येतो, असा याचा अर्थ लावला गेला. हेल्महोल्ट्झ यांनी कल्पिलेले रेणूएवढे अंतरही अशा रीतीने आणखी कमी करता आले.

जाडी घटवण्याची ही वाट आता जवळपास टोकाला पोहोचली आहे, कारण आयनाच्या स्वतःच्या आकाराहून कमी अंतर संभवत नाही. उत्तम कोळशाचे धारित्र किलोमागे पाच-सात वॅट-तास साठवते आणि लिथियम-आयन बॅटरी दीडशेहून अधिक, त्यामुळे पुढील प्रयत्न दाब वाढवण्याकडे किंवा एक अग्र धारित्राचे व दुसरे बॅटरीचे अशा संकरित उपकरणांकडे वळले आहेत. भारतातही २०२४ मध्ये केरळातील कन्नूर येथे केल्ट्रॉन या राज्य सरकारच्या कंपनीचे सुपरकॅपॅसिटर उत्पादन केंद्र सुरू झाले. प्रयोगशाळांतून ग्रॅममागे शेकडो फॅरडचे आकडे नियमितपणे जाहीर होत असतात, परंतु ते बहुधा मिलिग्रॅमभर पदार्थाच्या पातळ थराचे असतात आणि त्यांत धातूची पट्टी, द्रव व वेष्टन यांचे वजन धरलेले नसते. पोलाक, बेकर आणि राइटमायर यांच्या शोधांचा क्रम पाहता, नव्या पदार्थाची परीक्षा त्याच्या धारकतेच्या आकड्याने होत नाही. तयार उपकरण कोणत्या दाबावर, कोणत्या किमतीत आणि कोणत्या कामासाठी बॅटरीहून सरस ठरते, या प्रश्नाच्या उत्तराने ती होते, आणि ते काम उपलब्ध नसेल तर निर्दोष शोधालाही वाट पाहावी लागते.